आधी पाणी, मग पथ्य: आदिवासी वस्तीत मधुमेह रोखण्याचं काम कुठून आणि कसं सुरू करावं

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हिला नदीच्या काठी अकिमेल ओओधाम लोक राहतात. बाहेरचे त्यांना पिमा म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या नावाचा अर्थ 'नदीची माणसं'. वाळवंटात कालवे खोदून शेती करणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला येऊन वसलेल्यांनी पाणी वळवलं, खालची शेतं कोरडी पडली आणि पाठोपाठ उपासमार आली. मग सरकारी मदत म्हणून मैदा, चरबी आणि साखर आली. १९६५ पासून संशोधकांनी इथे पद्धतशीर मोजमाप सुरू केलं, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण जगात तोवर कुठेही नोंदलं गेलं नव्हतं इतकं जास्त निघालं.

सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ माइकोबा भागात याच पिमांचे भाऊबंद राहतात. ते शेतात राबतात आणि आपल्याच शेतातलं खातात. दोन्हीकडच्या माणसांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मेक्सिकोकडे मधुमेह ६.९ टक्के, अमेरिकेकडे ३८ टक्के. रक्ताचं नातं तेच, आजार मात्र साडेपाच पट.

ही एक तुलना मनात पक्की ठेवा. आदिवासी समाजातल्या मधुमेहाबद्दल बोलताना 'त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य फार सहज येतं. १९६२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी काटकसरी जनुकाची कल्पना मांडली, म्हणजे उपासमारीत तगवणारं जनुक भरपूर अन्न मिळू लागल्यावर मधुमेहाकडे नेतं, आणि ती जगभर पसरली. काही समाजांत जनुकांचा वाटा खरोखर सापडला आहे. ग्रीनलंडच्या इन्यूइटांमध्ये आणि कॅनडातल्या सँडी लेकच्या ओजी-क्री लोकांत धोका वाढवणारे जनुकबदल ओळखले गेले आहेत. पण ते जनुक शंभर वर्षांपूर्वीही होतं आणि आजार नव्हता. बदललं ते पाणी, जमीन, अन्न आणि अंगमेहनत. 'रक्तातच आहे' ऐकल्यावर माणूस हात टेकतो, म्हणून वस्तीत हे वाक्य उच्चारू नका.

हा लेख वस्तीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आहे: आरोग्यसेविका, शिक्षक, परिचारिका, किंवा त्याच समाजातली एखादी तरुण मुलगी, जिच्या घरात आजीचा पाय गेला आणि आता आईची साखर वाढली आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. दुसरी-तिसरी पुढेमागे झाली तरी चालेल, पहिली मात्र टाळू नका.

पहिली पायरी: बोलावणं असल्याशिवाय जाऊ नका

कॅनडात मॉन्ट्रियलजवळ काहनवाके नावाची मोहॉक या आदिवासी समाजाची वस्ती आहे. तिथल्या डॉक्टरांनी मधुमेह आणि त्याच्या गुंतागुंतींची मोजणी केली आणि निकाल आधी गावापुढे ठेवले. ते ऐकून जाणत्या माणसांनीच सांगितलं, आमचं जे झालं ते झालं, पोरांचं वाचवा. त्यातून १९९४ मध्ये शाळांमधला मधुमेह प्रतिबंध प्रकल्प उभा राहिला. संशोधनाचे नियम काय असतील हे गावाने बाहेरच्या संशोधकांबरोबर बसून लिहून काढलं. आज आपण म्हणू, साधी गोष्ट आहे. तेव्हा ती साधी नव्हती.

उलट उदाहरण हवासुपाई लोकांचं. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारा हा छोटा समाज. १९९० च्या सुमारास त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी विश्वासाने रक्त दिलं. पुढे तेच नमुने मानसिक आजार आणि स्थलांतराच्या अभ्यासांसाठी त्यांना न विचारता वापरले गेले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये तडजोड होऊन सात लाख डॉलर आणि नमुने परत मिळाले. विश्वास मात्र तडजोडीत परत मिळत नाही.

म्हणून पहिल्या बैठकीतच, त्यांच्या भाषेत, या गोष्टी ठरवून कागदावर घ्या: रक्त कशासाठी घेणार, नमुना किती दिवस ठेवणार, आकडे कोणाच्या ताब्यात राहणार, बाहेर काही छापण्याआधी गाव ते पाहणार का, आणि मध्येच कोणी 'नको' म्हटलं तर काय. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ समाजांनी, १९९८ मध्ये यासाठी चार शब्द पक्के केले: मालकी, नियंत्रण, पोहोच, ताबा. तेच धरून चाला.

आणि पहिलं काम कुठलं, हे गावाला निवडू द्या. तुमच्या मनात साखर तपासणी असेल आणि बायका म्हणतील, आधी हातपंप. मग आधी हातपंप. पाण्याचा आणि मधुमेहाचा संबंध किती जवळचा आहे ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: अन्नाचा इतिहास लिहा

या पायरीला घाई करू नका. दोन-तीन संध्याकाळी द्या. जाणत्या आजी-आजोबांना बसवा, मोठा कागद पसरा, त्यावर वर्षाचं वर्तुळ काढा आणि एकेक ऋतू घेऊन विचारा: या दिवसांत काय खायचात? कुठून आणायचात? कोण आणायचं? कसं साठवायचात? आणि ते कधी थांबलं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या रंगाने लिहा, कारण प्रतिबंधाचा आराखडा त्यातूनच निघतो. एखादी गोष्ट पाणी गेलं म्हणून थांबलेली असते, एखादी जंगलात जायला बंदी आली म्हणून. कधी मुलं वसतिगृहात गेली आणि चव विसरली म्हणून. कधी शिजवायला तीन तास लागतात आणि आई मजुरीवर असते म्हणून. प्रत्येक कारणावर उपाय वेगळा. जंगलबंदीवर पाककृतीचं पुस्तक चालत नाही आणि वेळेच्या अडचणीवर मोर्चा चालत नाही.

पिमांच्या भूमीत टेपरी नावाची घेवड्याच्या जातीची शेंग होते, जेमतेम पावसावर येणारी. तिच्यात तंतू भरपूर असतात, त्यामुळे पिष्ट हळू पचतं आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही. मैदा आला आणि ही शेंग मागे पडली. २००४ च्या कायद्याने हिला नदीच्या समाजाचा पाण्यावरचा हक्क मान्य झाला आणि आज तिथल्या शेतांत टेपरी पुन्हा पिकते. अशी एखादी 'टेपरी' बहुतेक वस्त्यांत असते. तुमच्या वर्तुळात ती शोधा.

इथे एक जपायचं. कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या अनेक वृद्धांनी लहानपण घरापासून तोडून निवासी शाळांत काढलं आणि तिथे भूक सोसली. अशा माणसाला 'कमी खा' म्हणणं म्हणजे जुन्या जखमेवर बोट ठेवणं. 'कमी' हा शब्दच टाळा. 'परत आणू या' म्हणा.

तिसरी पायरी: तपासणी, नीट आणि लाज न आणता

आकडे पाठ करून ठेवा. आठ तास उपाशीपोटी शिरेतून घेतलेल्या रक्तात साखर १०० च्या खाली असेल तर ठीक (या लेखातले साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत). १०० ते १२५ ही सीमारेषा. १२६ किंवा जास्त आली तर मधुमेह. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ सीमारेषा, २०० पासून मधुमेह. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ५.७ ते ६.४ टक्के सीमारेषा आणि ६.५ पासून मधुमेह. (उपाशीपोटीची सीमारेषा जागतिक आरोग्य संघटना ११० पासून धरते; तुमच्याकडे डॉक्टर जे धरतात तेच धरा.) लक्षणं नसतील तर एका तपासणीवर शिक्का मारू नका, दुसऱ्यांदा तपासून खात्री करा.

एचबीएवनसी सोयीची चाचणी आहे, उपाशी राहावं लागत नाही. पण सिकलसेल, जीसिक्सपीडीची कमतरता (दोन्ही तांबड्या रक्तपेशींचे आनुवंशिक दोष) किंवा ॲनिमिया असलेल्या माणसात ती चुकीचं सांगू शकते आणि काही आदिवासी समाजांत हे दोष बरेच आढळतात. तिथे थेट साखरच मोजा.

बोटाच्या थेंबावर चालणारं ग्लुकोमीटर कोणाला पुढे पाठवायचं हे ठरवण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. आणि ते वापरायचीही रीत आहे. आधी हात साबणाने धुवून कोरडे करायचे. नुकतं फळ कापलेल्या बोटावर रस राहिला असेल तर मीटर त्या फळाची साखर दाखवतं. हात गार असतील तर चोळून ऊब आणायची, हात खाली सोडायचा. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मधोमध दुखतं आणि दुसऱ्या दिवशी काम करताना सलतं. पहिला थेंब कापसाने पुसायचा, दुसरा पट्टीला लावायचा. प्रत्येकासाठी सुई नवी. आकडा मोठ्याने वाचायचा नाही. मीटर त्या माणसाकडे वळवायचं, त्याने आधी पाहायचं.

आधी कोणाला बोलवायचं? पस्तिशीपुढच्या सगळ्यांना. वजन जास्त असून आई-वडील किंवा भावंडांना मधुमेह असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल, रक्तदाब असेल किंवा मानेवर काळसर, मखमली जाड पट्टा दिसत असेल, तर वय न पाहता. मुलांच्या मानेवरचा तो पट्टा आई 'मळ आहे' म्हणून घासत बसते. तो मळ नसतो, बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते.

चौथी पायरी: आधी पेला बदला

एकच गोष्ट बदलायला वेळ आणि पैसा असेल तर पिण्यापासून सुरुवात करा. शाळेत किंवा बैठकीत हे करून दाखवा. ६०० मिलिलिटरची गोड पेयाची बाटली, एक रिकामा काचेचा पेला, साखरेचा डबा आणि छोटा चमचा टेबलावर ठेवा. एका मुलाला बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायला सांगा. १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर निघते, म्हणजे बाटलीत त्रेसष्ट-चौसष्ट ग्रॅम. चमच्यात चार ग्रॅम बसते. आता दुसऱ्या मुलीला पेल्यात साखर टाकायला सांगा, सगळ्यांनी मोजायचं. सात-आठपर्यंत हसू असतं. अकरा-बारापाशी आवाज कमी होतो. सोळाव्या चमच्याला पेल्याचा तळ साखरेने चांगला झाकलेला असतो. यानंतर भाषण करू नका. पेला तसाच खिडकीत ठेवून द्या, पोरं घरी जाऊन सांगतात.

पण 'पाणी प्या' म्हणण्याआधी पाणी आहे का ते बघा. अमेरिकेतल्या नावाहो या आदिवासी समाजाच्या, म्हणजे नावाहो राष्ट्राच्या प्रदेशात आजही कित्येक घरांत नळ नाही. पाणी लांबून वाहून आणावं लागतं आणि गोड पेय दुकानात हाताशी मिळतं. तिथे बाटली सोडा म्हणणं हा सल्ला नाही, टोमणा आहे. शाळेत, दवाखान्यात आणि सभागृहात स्वच्छ थंड पाण्याची सोय हे मधुमेह प्रतिबंधाचं काम आहे, तसंच अर्जात लिहा आणि त्यासाठी पैसे मागा.

नावाहो राष्ट्राने २०१४ मध्ये आणखी धाडसाचं पाऊल उचललं. ताज्या फळभाज्यांवरचा विक्रीकर काढला आणि पोषणमूल्य नसलेल्या खाण्यापिण्यावर जादा दोन टक्के कर लावला. तो पैसा गावोगावच्या आरोग्याच्या कामांकडे जातो. स्वतःचे नियम करण्याचा अधिकार असलेल्या समाजाने हा मार्ग जरूर अभ्यासावा.

पाचवी पायरी: ताट

१९८२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात संशोधक केरिन ओडी यांच्याबरोबर मधुमेह असलेले दहा ॲबोरिजिनल स्त्री-पुरुष सात आठवडे आपल्या मूळ भूमीत जाऊन राहिले. शिकार, मासे, कंदमुळं, मध, जे मिळेल त्यावर. सात आठवड्यांत वजन सरासरी आठ किलोने उतरलं, उपाशीपोटीची साखर सुमारे २०९ वरून ११९ वर आली. हवाईतल्या वाइआनाएमध्ये वीस मूळ हवाइयन लोकांनी एकवीस दिवस जुनं जेवण घेतलं: तारोचे कंद, रताळी, हिरव्या भाज्या, मासे, पोटभर. वजन सरासरी ७.८ किलो उतरलं, साखर साधारण १६२ वरून १२३ वर आली.

हे वाचून सगळ्यांना रानात पाठवायचं नाही. दोन्ही प्रयोग छोटे होते आणि थोड्या दिवसांचे. पण एका ठिकाणी मांसमासे जास्त होते आणि दुसऱ्या ठिकाणी कंदमुळं, आणि दोन्हीकडे साखर उतरली, हे माझ्या मते फार मोलाचं आहे. समान होतं ते एवढंच की मैदा, साखर आणि पाकिटातलं काही नव्हतं. तेव्हा बाहेरून आहारतक्ता आणू नका, वर्तुळातल्या ताटाकडे वळा.

ठोकताळा सोपा ठेवा. अर्धं ताट भाजी-पाला, पाव भाग डाळ-शेंगा, मासे किंवा मांस, पाव भाग धान्य किंवा कंद. दर आठवड्याला एक दिवस मोठ्या भांड्यात सगळ्यांनी मिळून जुना पदार्थ शिजवा. आजी सांगेल, तरुण हलवतील. मैद्याची तळलेली भाकर, तीच जी मदतीच्या मैद्यातून जन्मली, अनेक समाजांत आता आठवणींशी जोडली गेली आहे. तिच्यावर बंदी घालू नका. सणापुरती ठेवा, रोजच्या ताटातून उठवा. मासे खाणाऱ्या समाजात गरोदर बायकांनी कुठले मोठे मासे पाऱ्यामुळे टाळायचे, हे तिथल्या आरोग्य विभागाला विचारून घ्या.

हे मात्र ठळक लिहा: ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जेवण एकदम बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यायचा. साखर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर आणि गोंधळ होतो. शुद्धीवर असेल तर पंधरा ग्रॅम साखर पाण्यात द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. वनौषधीचा मान राखा, वैदूला बैठकीला बोलवा. पण कोणी झाडपाल्यासाठी गोळ्या बंद करू नयेत, आणि काय घेतात ते डॉक्टरांना न लपवता सांगावं.

सहावी पायरी: चालणं, धावणं, नाचणं

न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांत धावणं ही जुनी परंपरा. १९८३ मध्ये तिथे मधुमेहींसाठी गावातच व्यायामाचे वर्ग आणि धावण्याच्या शर्यती सुरू झाल्या. भाग घेणाऱ्यांचं वजन उतरलं, साखर उतरली, काहींची औषधं कमी झाली. व्यायाम त्यांना शिकवावा लागला नाही, फक्त पुन्हा जागा मिळाली.

किती करायचं याचं उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मिळालं. ३,२३४ माणसं, त्यात आदिवासी समाजातलेही होते, आणि निकाल २००२ मध्ये आले. आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल आणि सात टक्के वजन कमी हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. नव्वद किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साधारण सहा किलो. दीडशे मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, धाप लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने. नाच, लाकूड फोडणं, बागेत खणणं, सगळं धरा. भटकी कुत्री किंवा अंधार यामुळे बायका बाहेर पडत नसतील तर आधी त्याचा बंदोबस्त. काहनवाकेत चालायला स्वतंत्र वाट तयार केली गेली, ती यासाठीच.

सातवी पायरी: घराच्या चार भिंती

न्यूझीलंडमधले माओरी डॉक्टर मेसन ड्यूरी यांनी १९८० च्या दशकात आरोग्याला सभागृहाची उपमा दिली. चार भिंती: शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. एक खचली तर छप्पर कलतं. घर उभं आहे ते जमिनीवर, हेही विसरायचं नाही. मधुमेहाचे बहुतेक कार्यक्रम एकाच भिंतीला गिलावा करत बसतात.

सतत ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि साखरही वाढते. झोप मोडली तरी तेच. म्हणून महिन्यातून दोनदा गोल करून बसा, उत्तर अमेरिकेतल्या अनेक समाजांत ही रीत आहे: हातात पीस किंवा खडा असलेला बोलतो, बाकीचे ऐकतात. तिथे सल्ला नाही, आकडे नाहीत. कोणाचा मुलगा दारूत गेलाय, कोणाला पाय कापण्याची भीती आहे, हे तिथे बाहेर येतं. मन फार खचलेलं दिसलं तर समुपदेशकाकडे न्यायला सोबत जा. विकतच्या सिगारेटमुळे मधुमेहाचा धोका तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढतो, हेही सांगा. पण ज्या समाजात तंबाखू पवित्र विधीत वापरतात तिथे विधीची तंबाखू आणि पाकिटातली सिगारेट यांत फरक करून बोला, नाहीतर कोणी ऐकणार नाही.

आठवी पायरी: गरोदरपण आणि ज्यांना आधीच आहे ते

गरोदर बाईची साखर २४ ते २८ आठवड्यांत तपासा, धोका जास्त असेल तर पहिल्याच भेटीत. साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासणी, मग दर एक ते तीन वर्षांनी. ही दुसरी तपासणी सगळ्यात जास्त सुटते, कारण सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. लसीच्या दिवशीच आईचीही तपासणी ठेवा. स्तनपानाला मदत करा. पिमांमधल्याच अभ्यासात आईचं दूध प्यायलेल्या मुलांना पुढे मधुमेह कमी झालेला दिसला.

ज्यांना मधुमेह आहे त्यांना प्रतिबंधाच्या कामातून वगळू नका. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडत असल्याचं दाखवणारं प्रथिन) आणि पावलं तपासायची, रक्तदाब आवरायचा. पावलं रोज घरीच बघता येतात: झोपण्याआधी आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चपलेत हात घालून खडा नाही ना हे चाचपायचं. अमेरिकेत १९९७ मध्ये आदिवासी समाजांसाठी मधुमेहाचा खास निधी सुरू झाला आणि दवाखान्यांनी अशी काळजी नेमाने घेतली. १९९६ ते २०१३ या काळात तिथल्या आदिवासी प्रौढांत मधुमेहाने किडनी निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं.

नववी पायरी: काय मोजायचं आणि किती थांबायचं

काहनवाकेत शाळेतून जंक फूड गेलं, अभ्यासक्रम आला, तरी बरीच वर्षं मुलांच्या वजनाच्या आकड्यांत सुधारणा दिसली नाही. गावाने काम थांबवलं नाही. अमेरिकेतल्या आदिवासी प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण वर्षानुवर्षं चढत होतं. २०१३ मध्ये ते १५.४ टक्के होतं आणि २०१७ मध्ये १४.६. चार वर्षांत एक टक्काही नाही, पण दिशा बदलली.

म्हणून वहीत फक्त वजन आणि साखर लिहू नका. हेही लिहा: या महिन्यात सामूहिक जेवणाला किती घरं आली, जुन्या बियाण्याची पेरणी किती वाफ्यांत झाली, शाळेतला पाण्याचा नळ किती दिवस चालू होता, बाळंतपणानंतर किती आयांची तपासणी झाली, गोलात कोण नव्याने बसलं. दर तीन महिन्यांनी ही वही आधी जाणत्यांपुढे उघडा, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि पुढच्या तिमाहीचं पहिलं काम त्यांच्याकडूनच लिहून घ्या. वही गावातच राहू द्या.